टेबल तीनची कडी

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात असं ऐकत आलो आहे. ही दुपारची आहे. वेळ वहीत लिहिलेली आहे म्हणून ती दुपारची राहिली, नाहीतर मीसुद्धा हळूहळू तिला रात्रीत ढकललं असतं. रात्रीत घातली की अशी गोष्ट सोसायला जरा सोपी जाते.

त्या दिवशी मी तळघरात बॅटरी बदलायला उतरलो होतो. एवढंच काम. माझ्या वहीतली नोंद अशी आहे: ‘दु. २.५६. डब्याची बॅटरी बदलली. जुनी फुगली होती. डबा नऊ मिनिटं बंद. ३.०५ ला सुरू. सर्व ठीक.’ शेवटच्या दोन शब्दांखाली मी नंतर रेघ मारलेली आहे.

डबा म्हणजे काय, ते आधी सांगतो. मी रुग्णालयात कारकून म्हणून लागलो. संगणक आले तेव्हा त्यांना हात लावायला कोणी धजेना, आणि मला माहितीपुस्तकं वाचायची खोड. वाचत गेलो, चुकत गेलो, प्रत्येक चूक वहीत लिहीत गेलो. अशा तऱ्हेने सगळी यंत्रणा माझ्या गळ्यात पडली. आमच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात औषधांचा एक तक्ता असतो: कुठल्या खाटेला, कुठलं औषध, किती वाजता, कोणी दिलं. पूर्वी तो कागदाचा होता. आता ती एक फाइल आहे. फाइल एकच, ती तळघरातल्या एका राखाडी डब्यात राहते, आणि वॉर्डातली चारही टेबलं मी तारांनी त्या डब्याला जोडली. कुठल्याही टेबलावरून तक्ता उघडावा, लिहावं, परत ठेवावा.

यातली मेख अशी की दोन टेबलांनी एकाच वेळी तक्ता उघडला तर दोघांच्या हातात आपापली प्रत येते. पहिली सिस्टर आपल्या प्रतीत एक ओळ लिहून ती परत ठेवते. दुसरीने प्रत आधीच उचललेली असल्यामुळे तिच्या प्रतीत ती ओळ नसते. तीही स्वतःची ओळ लिहिते आणि आपली प्रत पहिलीच्या प्रतीवर ठेवते. झालं, पहिलीची ओळ गेली. कागदावर निदान खाडाखोड दिसते. इथे काहीच दिसत नाही. ती ओळ कधी कोणी लिहिलीच नव्हती, असा तक्ता स्वच्छ असतो.

म्हणून मी कडी बसवली. न्हाणीघराच्या दाराला असते तशीच. लिहिणाऱ्या टेबलाने आधी डब्यात ‘कडी’ नावाची छोटी फाइल ठेवायची. तिच्यात टेबलाचा नंबर, लिहिणाऱ्याचं नाव आणि वेळ. कडी लागलेली असेल तर बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. लिहून झालं की कडी निघते आणि पुढच्याचा नंबर लागतो. लिहायचंही मूळ तक्त्यात नाही. नवी प्रत पूर्ण लिहून घ्यायची, आणि एका क्षणात जुनीच्या जागी ठेवायची, म्हणजे मधेच वीज गेली तरी अर्धवट ओळ कोणाच्या वाचनात येत नाही.

प्रत्येक टेबलापाशी भिंतीवर मी स्वतःच्या अक्षरात नियम लावलेले आहेत. त्यातला चौथा महत्त्वाचा: ‘कडी अडकली असे वाटले तरी हाताने काढू नये. कडी लावणाऱ्या टेबलापाशी चालत जावे. माणूस बघावा. मगच काढावी.’ कारण उशीर करणारा माणूस मेलेला असतोच असं नाही. तो नुसता हळू लिहीत असेल. आपण कडी काढली की दोघं एकदम आत.

बॅटरी बदलून वर आलो तो थेट अकरा नंबरच्या खाटेपाशी गेलो. तिथे माझी आक्का होती. थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि ती सतराची. तिनेच मला वाढवलं, इतकं सांगितलं तरी पुरे. न्हाणीघरात पडून तिचा खुबा मोडला होता आणि दोन दिवसांपूर्वी शस्त्रक्रिया झाली होती. दुपारी दोन ते चार वॉर्डात भेटायला येणारे नसतात. पडदे ओढलेले, पंखे संथ, फिनेलचा आणि उकळलेल्या कापडाचा वास, आणि बावीस खाटांवर बावीस माणसं झोपेचं सोंग घेऊन पडलेली.

आक्का सोंग घेत नव्हती. तिचा चेहरा मेणासारखा झाला होता.

“किती वाजले रे?” ती म्हणाली.

“तीन वीस.”

“म्हणजे अजून चाळीस मिनिटं. चारला ते दुखण्याचं इंजेक्शन देतात ना, ते दिलं की मी माणसात येते. तोवर तू बोल काहीतरी. तुझ्या त्या डब्याची तब्येत कशी आहे?”

“बॅटरी बदलली. आता ठणठणीत आहे.”

“मग मला पण एक बदल.” ती हसली, आणि हसताना तिने दात आवळले. “लहानपणी पाटी पुसायला दिली तर आधी पाटीवर काय होतं ते दुसऱ्या पाटीवर उतरवून घ्यायचास. चिकटोबा कुठला.”

“तू पुसून टाकायचीस माझं.”

“मग काय करणार? पाटी एक आणि पोरं दोन.”

तिचा हात थंड होता. दुखण्यामुळे असेल, असं मला वाटलं.

तीन चव्वेचाळीसला टेबल एकवरून धाकट्या सिस्टरांनी हाक मारली. आता वॉर्डाच्या प्रमुख त्याच आहेत, पण नाव जुनंच राहिलं आहे. बोलण्यात फटकळ, हाताने हलक्या.

“भाऊ, ही तुमची लाडकी कडी बघा. चारची फेरी उघडायची आहे आणि ही ढिम्म हलत नाही.”

“कोणाची आहे?”

“टेबल तीनची म्हणते. टेबल तीन आहे कुठे आता? बॅटरी बदलताना काहीतरी उलटंपालटं केलंत तुम्ही.”

मी पडद्यावर वाकून पाहिलं. तिथे लिहिलं होतं: ‘कडी लागलेली आहे. टेबल ३. मोठ्या सिस्टर. ३.४१.’ तारीख त्याच दिवसाची होती.

धाकट्या सिस्टरांनी नाव वाचलं नव्हतं. त्या ट्रॉलीवर सुया मांडत होत्या. मी वाचलं आणि कोणीतरी पंखे बंद केल्यासारखं वाटलं. पंखे चालूच होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तोपर्यंत ती फक्त मला आणि माझ्या वहीला ठाऊक होती.

मोठ्या सिस्टर आमच्या वॉर्डात सव्वीस वर्षं होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. संधिवाताने त्यांच्या बोटांची पेरं सुजलेली असत. दिवसभर त्यांवर त्या एक मलम चोळायच्या. निलगिरीचा आणि मेणाचा वास. संगणकावर एकाच बोटाने लिहायच्या, एकेक अक्षर शोधून, ठोकून. टक... टक... टक. ओळ संपली की एंटरवर बोटाचं पेर आपटायच्या, तो आवाज वॉर्डाच्या या टोकापर्यंत यायचा. बाकीच्या ओरडायच्या, “बाई, कडी काढा की, आम्ही दारात उभ्या आहोत!” आणि बाई म्हणायच्या, “उभ्या राहा. उभं राहून कोणी मेलेलं नाही.” त्यांचं टेबल तीन नंबरचं, पूर्वेच्या खोलीत.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी अकरा नंबरवर एक शिंपी होता. पोटाची शस्त्रक्रिया झालेला. त्याला आतून रक्तस्राव सुरू झाला आहे अशी शंका बाईंना आली. त्यांनी तक्त्यात लिहिलं, दुखण्याचं इंजेक्शन देऊ नका. त्या औषधाने रक्त पातळ होतं. लिहून त्या डॉक्टरांना शोधायला गेल्या. चार वाजता फेरी निघाली. तक्त्यात तशी ओळ नव्हती. इंजेक्शन दिलं गेलं. संध्याकाळी शिंपी गेला.

चौकशी झाली. बाई म्हणाल्या, मी लिहिलं होतं. तक्ता म्हणाला, नाही. मग मला बोलावलं. मोठे डॉक्टर म्हणाले, “लिहिलेली ओळ आपोआप नाहीशी होऊ शकते का?”

मी म्हणालो, “कडी आहे. शक्य नाही.”

त्या वेळी मला ते खरं वाटत होतं. घरी आलो, वही उघडली, आणि कडीची माझीच आखणी पहिल्यापासून वाचली. माझी कडी आधी बघायची की डब्यात दुसरी कडी आहे का. नसेल तर मग स्वतःची ठेवायची. बघणं वेगळं, ठेवणं वेगळं. दोन टेबलांनी एकाच क्षणी पाहिलं तर दोघांनाही दार मोकळं दिसणार, दोघंही आत जाणार, दोघांनाही वाटणार की कडी आपणच लावली. त्या दुपारी त्याच मिनिटाला टेबल एकवरूनही एक ओळ लिहिली गेली होती. साधी ओळ, कोणाच्या तरी तापाची. तिने बाईंची ओळ गिळली होती.

मी कडी दुरुस्त केली. आता बघणं आणि ठेवणं एकच कृती आहे. डबा एकालाच हो म्हणतो. जुन्या प्रती राखायला लागलो. हे सगळं त्याच आठवड्यात, गुपचूप. सांगितलं कोणालाच नाही. बाईंना घरी बसवलं. शेवटच्या दिवशी त्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “भाऊ, मी लिहिलं होतं. तुम्हाला तरी ठाऊक आहे ना?” मी बॅटरीचं काहीतरी बोललो. आठ महिन्यांनी त्या वारल्या.

पूर्वेची खोली छताच्या ओलीमुळे गेल्या वर्षी बंद केली. टेबल तीनचा संगणक मी स्वतः उघडून सुटा केला. त्याची माहिती साठवायची तबकडी माझ्या खणात आहे, आणि तार भिंतीपाशी कापलेली.

“भाऊ, उभे काय राहिलात?” धाकट्या सिस्टर म्हणाल्या. “काढा ना हाताने.”

“चौथा नियम आहे.”

“नियम तुम्हीच केलात ना? अकरा नंबरला दुखतंय. तुमचीच बहीण आहे.”

आक्काने डोळे मिटले होते, पण ओठ हलत होते. ती मिनिटं मोजत असावी. आणि खरं सांगतो, बोट बटणावर गेलं होतं. नऊ मिनिटं बंद राहून डबा सुरू झाला, कुठलीतरी जुनी कडी वर आली, घड्याळ चुकलं. अशी उत्तरं मला शंभर देता आली असती. पण एकदा मी ‘शक्य नाही’ म्हणालो होतो.

“पाच मिनिटांत येतो,” मी म्हणालो. “कडी काढू नका. फोन जवळ ठेवा.”

“कुठे निघालात?”

“टेबलापाशी. माणूस बघायला.”

वॉर्डाच्या टोकाला दुहेरी दार, त्यापलीकडे आखूड बोळ आणि बोळाच्या शेवटी पूर्वेची खोली. किल्ली माझ्याकडेच असते. बोळात उजेड होता, चांगला दुपारचा उजेड, वरच्या झरोक्यातून तिरपा पडलेला. त्यात धूळ तरंगत होती. अंधार असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं, कारण अंधारात न दिसण्याला कारण असतं.

कुलूप गंजलं होतं, ते दुसऱ्या हिसक्याला उघडलं. ओलसर चुन्याचा वास आला. भिंतीशी लोखंडी खाटा एकावर एक रचलेल्या. फरशीवर धुळीचा अखंड थर, त्यावर कोणाचं पाऊल नाही. मी उंबऱ्यातच थांबलो. खोलीच्या त्या टोकाला टेबल होतं, रिकामं. कापलेली तार टेबलावर शेपटीसारखी पडलेली. समोर बाईंची खुर्ची, टेबलापासून थोडी मागे ओढलेली. बसलेल्या माणसाला जितकी जागा लागते तितकी.

मग तो वास आला. आधी चुन्याच्या मागून, मग चुन्याच्या पुढे. निलगिरी आणि मेण.

टक...

मी श्वास धरला.

टक... टक...

आवाज टेबलावरून येत होता, जिथे काहीच नव्हतं. एकाच बोटाचा आवाज. शोधून, ठोकून. मधे लांब थांबा, जणू अक्षर सापडत नाही, मग पुन्हा टक. टेबलावरची धूळ हलत नव्हती. मी तिच्याकडेच बघत होतो. माझं शरीर वळून निघून जावं म्हणून ओढ घेत होतं आणि पाय नियम पाळत होते. चालत जावे. माणूस बघावा. पण बघायला माणूस नव्हता, आणि लिहिणं मात्र चालू होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पेर आपटल्याचा आवाज झाला. मोठा, कोरडा. एंटर.

खिशात फोन थरथरला. मी तो कानाला लावला.

“निघाली, भाऊ!” धाकट्या सिस्टर. “काय केलंत?”

“मी... काही केलं नाही.”

“पण इथे एक ओळ आली आहे... थांबा... अकरा नंबरची.” त्यांचा आवाज खाली आला. “भाऊ, ही कोणी लिहिली?”

मी उत्तर देणार तोच समोर पुन्हा आवाज झाला. टक. दुसरी ओळ सुरू झाली होती. फोनमध्ये त्या पुटपुटल्या, “अरेच्चा... पुन्हा लागली कडी...”

टक... टक... टक...

दोन वर्षं पोटात धरून ठेवलेलं वर आलं. ते थोपवायचं भान मला राहिलं नाही.

“बाई,” मी म्हणालो, “तुम्ही लिहिलं होतं. मला ठाऊक होतं. चूक माझ्या कडीत होती...”

टकटक थांबली.

शांतता अशी पडली की झरोक्यातली धूळ पडल्याचा आवाज यावा. एंटर वाजला नाही. मी वाट पाहिली. वास पातळ होत गेला आणि फक्त चुना उरला. फोनमधून धाकट्या सिस्टर म्हणत होत्या, “निघाली. या वेळी काहीच आलं नाही... भाऊ? ऐकताय ना?”

मी पळत परत आलो. माझ्या वयाला शोभेल असं पळणं नव्हतं ते. चारला पाच मिनिटं होती. पडद्यावर आक्काच्या नावाखाली ओळ होती: ‘खाट ११. चारचे इंजेक्शन देऊ नका. आतून रक्त जात असावे. डॉक्टरांना बोलवा.’ चौकशीच्या दिवशी बाईंनी जे शब्द सांगितले होते, तेच. माझ्या वहीत उतरवलेले होते.

धाकट्या सिस्टरांच्या हातात सुई भरलेली होती.

“डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “कोणीतरी चावटपणा केलाय. मी ही ओळ काढते आणि इंजेक्शन देते. बघा तरी किती तळमळतायत त्या.”

“काढू नका.”

“का?”

“ती बाईंची आहे.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “भाऊ, उन्हातून आलात का?”

“त्या दिवशी बाईंनी ही ओळ लिहिली होती. माझ्या कडीत फट होती. त्याच क्षणी दुसऱ्या टेबलावरून एक ओळ लिहिली गेली, तिच्याखाली बाईंची गेली. मला त्याच रात्री समजलं होतं. मी गप्प बसलो.”

सगळा वॉर्ड ऐकत असणार. झोपेचं सोंग घेणाऱ्यांची झोप उडते तेव्हा ते अधिकच निश्चल होतात.

“दुसऱ्या टेबलावरून,” त्या सावकाश म्हणाल्या. “त्या दुपारी एक नंबरवर मी होते.”

“हो.”

“तापाची नोंद. मी... म्हणजे माझ्या हातून...”

“तुमच्या हातून काही झालं नाही. माझ्या हातून झालं. आता मला त्यासाठी काय करायचं ते करा, पण ते इंजेक्शन ट्रॉलीवर ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. ओळ खोटी निघाली तर आक्काला अर्धा तास जास्त दुखेल. खरी निघाली तर...”

त्यांनी सुई खाली ठेवली. ती स्टीलच्या ताटलीत टेकली तेव्हा वाजली.

आक्का कुजबुजली, “काय झालं रे? चार वाजले ना?”

“थोडं थांब, आक्का.”

“तुझी पाटी पुसून झाली का?”

“झाली,” मी म्हणालो.

डॉक्टर आले. त्यांनी आक्काच्या मांडीवर हात ठेवला, पापणी ओढून पाहिली, आणि त्यांचं बोलणं एकदम तुटक झालं. शस्त्रक्रियेच्या जागी आत रक्त साठत होतं. त्यांनी तिला पाच वाजता पुन्हा आत नेलं. बाहेर येऊन म्हणाले, ते इंजेक्शन गेलं असतं तर काही खरं नव्हतं. तुम्हाला कसं समजलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा धाकट्या सिस्टर म्हणाल्या, “तक्त्यात लिहिलेलं होतं.”

आक्का आता घरी आहे, काठी घेऊन चालते आणि मला चिकटोबा म्हणते.

मी सगळं लिहून मेट्रनबाईंना दिलं. चौकशी नव्याने झाली. बाईंच्या नावावरचा ठपका निघाला. मला ठेवलं, कारण डब्याचं दुसऱ्या कोणाला काही कळत नाही; ही दया होती की शिक्षा, हे मी ठरवलेलं नाही. बाईंच्या मुलीला मी स्वतः जाऊन सांगितलं. तिने उंबऱ्यात उभं राहून सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकवल्याचा आवाज मी जिन्यापर्यंत ऐकला.

हे इथे संपायला हरकत नव्हती. पण पहिल्या चौकशीची नोंद मी पुन्हा वाचली. बाईंचं बोलणं मी जसंच्या तसं उतरवलं होतं: “मी दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिली अकराची. दुसरी...” आणि मोठे डॉक्टर म्हणाले होते, “दुसरी राहू द्या. अकराचंच बोला.” तीही तक्त्यात नव्हती, पण त्या दिवशी दुसरं कोणी दगावलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या ओळीबद्दल कोणी विचारलं नाही. मीही नाही.

तीच दुसरी ओळ बाई आक्काच्या दुपारी पुन्हा लिहीत होत्या, आणि मी मधे बोललो. लिहिणाऱ्याला अर्ध्यावर तोडू नये म्हणून मीच नियम केला होता.

तेव्हापासून रोज तीन एक्केचाळीसला टेबल तीनची कडी लागते. काही मिनिटं राहते आणि निघते. तक्त्यात काहीच येत नाही. धाकट्या सिस्टर तोवर फेरी उघडत नाहीत, हात बांधून पडद्यासमोर उभ्या राहतात, आणि कोणी कुरकुर केली तर म्हणतात, “उभं राहून कोणी मेलेलं नाही.” मग चार वाजतात. बावीस खाटा आहेत. ट्रॉली निघावीच लागते.

मी रोज पूर्वेच्या खोलीच्या उंबऱ्यात जातो. तोंडातून ब्र काढत नाही. टकटक सुरू होते आणि त्याच जागी येऊन थांबते, जिथे मी बोललो होतो. मी टिचक्या मोजतो. वहीत एकशे तीन दिवसांचे आकडे आहेत, सगळे सारखे: सात, सात, सात.

आज आठ झाल्या.